सदर घरास तळघर नाही

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत संशय नावाच्या कीटकाने एका प्रामाणिक मनुष्याचे अंतःकरण कसे पोखरले, त्याचे यथामती वर्णन करण्याचे योजिले आहे. या कथेत राजा नाही, चोरही नाही. चोर आहे असे ज्यांना वाटले, त्यांचीच ही हकिगत आहे.

चुडामणनाना माजघरात उकिडवे बसले होते. उजव्या हातात लांब दांड्याचा हातोडा होता. त्यांनी तो भुईवर हलकेच टेकवला, उचलला, वीतभर पुढे पुन्हा टेकवला. सारवलेल्या भुईतून भरीव, मुका आवाज येत होता. मधल्या खांबाच्या उत्तरेस दोन हातांवर मात्र आवाज बदलला. तो पोकळ आला, रिकाम्या रांजणावर बोट वाजवावे तसा. नानांनी मान वर केली. दारात सुलक्षणाबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या.

"रेल्वे सुटनी, पन तुमना हातोडा काही सुटना नही," त्या म्हणाल्या.

नाना हसले नाहीत. त्यांनी खडूने त्या जागी एक बारीक फुली मारली.

नानांचा हातोड्यावर एवढा विश्वास का, हे येथे सांगणे अगत्याचे आहे. भुसावळच्या बाजूस चौतीस वर्षे ते रेल्वेत की-मॅन होते. रोज पहाटे सहा किलोमीटर रूळ पायी तुडवायचा, रुळाला जखडणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकून बसवायच्या आणि लोखंडाचा आवाज ऐकत जायचे, हे त्यांचे काम. चांगला रूळ ठणठणीत बोलतो, तडा गेलेला रूळ फुटक्या भांड्यासारखा कुरकुरतो. एका हिवाळ्यात डोळ्यांना न दिसणारा तडा त्यांनी केवळ आवाजावरून ओळखला आणि लाल झेंडी दाखवून भरधाव गाडी थांबवली. त्याचे प्रशस्तिपत्र आजही चौकटीत आहे. म्हणजे ज्या संशयाला जग दुर्गुण म्हणते, त्या संशयाचीच त्यांनी चौतीस वर्षे भाकर खाल्ली. रूळ आणि माणूस यांत फरक असतो, एवढेच त्यांना कोणी शिकवले नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी सोनगीर गावात ताईबाईंचे जुने घर विकत घेतले. सागाचे खांब, जाड मातीच्या भिंती, वर मातीचे धाबे. ताईबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. पती केव्हाच वारलेले. एकुलता एक मुलगा प्रेमराज सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता आणि तो आता आईला कायमचे तिकडे नेणार होता. त्याच्या नव्या घराची किल्ली मिळेपर्यंत ताईबाई गावातच बहिणीकडे राहत होत्या.

संशयाची ठिणगी खरेदीखताच्या दिवशीच पडली होती. धुळ्याच्या कचेरीत लेखनिकाने कागद वाचून दाखवला. त्यात चतुःसीमा होत्या, खांबांची संख्या होती, आणि शेवटी एक ओळ होती: सदर घरास तळघर नाही. ती ओळ प्रेमराजने मुद्दाम घालायला लावली होती. नानांच्या कानाला ती खटकली. या घराला माडी नाही, विहीर नाही, गोठाही नाही. त्यांचा उल्लेख कोणी केला नाही. मग नसलेल्या तळघराचाच उल्लेख का?

त्याच दिवशी परत आल्यावर ताईबाई माजघरात मधल्या खांबाशी बसल्या होत्या. बोलता बोलता टाचेने भुईवर हळूहळू ठोका देत राहायची त्यांना सवय होती. म्हातारपणाची लकब म्हणून सुलक्षणाबाईंनी तिकडे लक्ष दिले नाही. किल्ल्या नानांच्या हाती ठेवताना ताईबाई म्हणाल्या, "घर बठ्ठं तुमनं शे, भाऊ. भिती पाडा, धाबं उतारा. पन माजघरनी भुई खंदू नका. तेवढा शब्द द्या."

"काय शे त्यामा, अक्का?"

"काहीच नही शे. म्हनीसनच सांगस."

नानांनी सुलक्षणाबाईंच्या देखत शब्द दिला. जन्मात त्यांनी दिलेला शब्द मोडला नव्हता. तरी तो शब्द त्या दिवसापासून त्यांच्या मनात खड्यासारखा रुतू लागला.

दुरुस्तीचे काम चांद मिस्त्रीकडे दिले. चांद याच गावचा, वयाने पन्नाशीचा, हाताने सफाईदार आणि तोंडाने मितभाषी. धाब्याची माती उतरली, वर आधाराच्या लोखंडी कैच्या चढून त्यांवर पत्रे बसले, भिंतींना गिलावा झाला. कामात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि नानांना नेमके तेच खुपत होते. चांदने पहिल्याच दिवशी विटांचा ढीग रचला तो अंगणात नव्हे, तर माजघरात, त्या फुलीच्या जागेवर. विटा संपल्या तेव्हा तिथे वाळू आली. वाळू संपली तेव्हा गोणपाट अंथरून त्यावर सिमेंटच्या गोण्या रचल्या गेल्या. फरशीसाठी भुई वीतभर खोदून घ्यावी लागेल ना, असे नानांनी सहज विचारून पाहिले. चांदने थापी पुसत सांगितले की गरज नाही, जुन्या भुईवर मुरूम पसरून वरच फरशी बसवता येईल, उंबरा चार बोटे उचलला की झाले.

"भितले काय करनं ते करा, नाना. भुईले हात नका लावू," तो म्हणाला.

ताईबाईंचे शब्द याच्या तोंडात कसे आले? नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

शेजारी शालिग्राम नावाचे गृहस्थ राहत. घर दुसऱ्याचे असले की त्यांची कल्पनाशक्ती फार विस्तार पावत असे. सोनगीरच्या किल्ल्यावरून एक भुयार गावात उतरते आणि ते कोणाच्या तरी तळघरात उघडते, असे आपल्या आजोबांनी सांगितल्याचे त्यांनी सांगितले. ते कोणाच्या घरात, हे मात्र आजोबांनी सांगितले नव्हते. "माले काय करनं शे," असे म्हणून शालिग्राम निघून गेले, आणि नानांच्या मनात ते भुयार ठेवून गेले.

आता नानांना सर्वत्र खुणा दिसू लागल्या. ताईबाई दर दोन-तीन दिवसांनी पाणी प्यायच्या निमित्ताने येत आणि त्यांची नजर गोण्यांच्या ढिगाकडे जाई. एकदा त्या आणि चांद अंगणात हलक्या आवाजात बोलत होते, नाना येताच गप्प झाले. वाचकहो, सांगताना लाज वाटते, पण संध्याकाळी चांद घरी निघाला की नाना त्याच्या हत्यारांचे टोपले उचलून ओट्यावर ठेवू लागले, मदत केल्यासारखे, आणि उचलता उचलता आत हात फिरवू लागले. चांदने ते दोनदा पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच टोपले अंगणात पालथे केले. थापी, ओळंबा, दोरी, रंधा, सगळे मातीत मांडले. मग एकेक वस्तू परत भरली. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण त्याने या घरचा चहा घेणे सोडले.

सुलक्षणाबाईंनी नवऱ्याला ऐकवले की माणूस ओळखायला हातोडा लागत नाही. नाना म्हणाले, आवाज खोटा बोलत नाही.

शुक्रवारी दुपारी चांदचे काम बंद असे. तो नमाजला जाई आणि तीनच्या सुमारास परते. त्या शुक्रवारी सुलक्षणाबाई फरशीचा रंग पसंत करायला धुळ्याला गेल्या होत्या. नानांनी दाराला कडी घातली, गोण्या बाजूला केल्या आणि हातात पहार घेतली. क्षणभर ते थांबले. दिलेला शब्द आठवला. पण चौतीस वर्षांत त्यांनी पोकळ आवाज ऐकल्यावर तपास केल्याशिवाय एकदाही पाऊल पुढे टाकले नव्हते, आणि या घरात त्यांना उरलेले सर्व आयुष्य झोपायचे होते. त्यांनी पहार उचलून मारली.

चार बोटे माती गेली आणि लाकूड मोडल्याचा आवाज आला. पहार अशी आत गेली की नाना तोल जाऊन गुडघ्यावर पडले. त्याखाली काहीतरी खापरासारखे फुटले.

त्यांनी हाताने माती उपसली. सागाची एक फळी मधोमध मोडली होती. तिच्याखाली विटांनी बांधलेला, पाळण्याएवढा लहानसा खळगा होता. पायऱ्या नव्हत्या, भुयार नव्हते, हंडा नव्हता. मुठीएवढी मातीची गाडगी होती, पालथी घातलेली, एका ओळीत. तीन फुटली होती. फुटलेल्या एकात काळी पडलेली भुसभुशीत माती, एक सुपारी आणि पाच पैशांचे चौकोनी नाणे होते. नानांनी मोजले. सात.

कडी वाजली. नानांनी उठून दार उघडले. चांद उभा होता, डोक्यावर पांढरी टोपी. त्याने नानांचे मातीने भरलेले हात पाहिले, मग आत जाऊन खळगा पाहिला. टोपी काढून त्याने ती खिशात ठेवली.

"मनी मायनी पुरेल शेतस," तो म्हणाला.

चांदची आई अनवरी ही गावाची सुईण होती, हे नानांना तेव्हा समजले. बाळंतपण झाले की बाळामागून पडणारी वार गाडग्यात घालून घरातच पुरायची, ही जुनी चाल. ताईबाईंच्या सातही खेपांना हे काम अनवरीने केले होते.

"सात? पन प्रेमराज ते एकलाच शे."

"प्रेमराज सातवा. बाकीना ऱ्हायनात नही. कोनी आठ दिन, कोनी सव्वा महिना. पोरं नालाकाठे गयात, नाना. घरमा इतलंच ऱ्हायनं."

नाना खाली बसले. मग आधी का सांगितले नाहीस, असे त्यांनी विचारले. चांद म्हणाला की हे सांगण्यासारखे होते का? परक्या पुरुषापुढे कोणती बाई हे बोलेल? आधी आलेली दोन गिऱ्हाइके तर गुप्तधनाच्या नादाने घरात पहार घेऊनच आली होती. म्हणून प्रेमराजने कागदात तळघराची ओळ घालायला लावली. आणि ताईबाईंनी चांदला बोलावून एवढेच सांगितले होते की, तुझ्या आईच्या हातचे आहे, सांभाळ.

"जशं व्हतं तशं करी ठेवा," चांद म्हणाला. "नवी फळी मी आनी देस."

नानांनी फुटलेल्या गाडग्यांची खापरे एकत्र केली, सुपारी आणि नाणी जिथली तिथे ठेवली. पण येथे त्यांच्या हातून दुसरी चूक घडली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी ठरली. फरशीखाली पोकळी ठेवायची, ही गोष्ट त्यांच्या हाताला पटेना. पोकळी म्हणजे धोका. वरून वजन गेले की फरशी तडकेल, पुन्हा खोदावे लागेल, पुन्हा या जिवांना त्रास. चांद फळी आणायला गेला तेवढ्यात नानांनी चाळलेला मुरूम खळग्यात हळुवारपणे भरला, पाणी शिंपडले आणि धुमसाने ठोकून ठोकून तो घट्ट केला. आपण प्रायश्चित्त घेत आहोत, अशीच त्यांची भावना होती. चांद फळी घेऊन आला, खाली पाहिले आणि फळी भिंतीला टेकवून ठेवली.

"कोनले सांगू नको," नाना म्हणाले.

"मी आजलोंग काय करी ऱ्हायनू, नाना?"

पंधरा दिवसांनी वास्तुशांती झाली. माजघरात फिकट पिवळी फरशी चमकत होती. ताईबाई स्वच्छ पातळ नेसून आल्या. त्याच संध्याकाळी प्रेमराज त्यांना सुरतेला नेणार होता. नव्या भिंतींवरून त्यांनी हात फिरवला, पत्र्याकडे पाहिले, सुलक्षणाबाईंच्या हाताला चव आहे म्हणाल्या. मग मधल्या खांबाशी येऊन बसल्या, आणि त्यांची टाच सवयीने भुईवर पडली.

टाच थांबली. त्यांनी पुन्हा ठोका दिला. मग जरा बाजूला दिला. मग तळहात फरशीवर ठेवला.

नानांना ती लकब आता उमगली. पन्नास वर्षे ती बाई टाचेने दार वाजवत होती, आणि आतून ओ येत होती.

"भाऊ," ताईबाई म्हणाल्या, "तुमनाकडे हातोडा शे म्हनतस ना. आठे जरासा वाजाडी पहा."

नानांनी हातोडा आणला. चांद ओट्यावर पान खात बसला होता, त्याने मान दुसरीकडे फिरवली. नाना गुडघे टेकून बसले आणि त्यांनी हातोडा फरशीवर टेकवला. आवाज भरीव आला. वीतभर पुढे टेकवला. भरीव. मागे, डावीकडे, खांबाजवळ. ज्या आवाजासाठी त्यांनी चौतीस वर्षे देवाचे आभार मानले, तोच आवाज प्रत्येक वेळी आला. ताईबाई मान तिरपी करून ऐकत होत्या.

"ऱ्हावू द्या, भाऊ," शेवटी त्या म्हणाल्या. "भुई पक्की व्हई गई."

"हां, अक्का."

"चांगलं शे. पक्कीच ऱ्हावाले जोईजे."

मग त्या जेवायला बसल्या, पानात काही टाकले नाही. निघताना सुलक्षणाबाईंच्या हाती नारळ ठेवला. चांदपाशी क्षणभर थांबल्या आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. उंबरा ओलांडताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. प्रेमराजने त्यांना हात धरून गाडीत बसवले.

पाहुणे पांगल्यावर नाना एकटेच माजघरात आले. त्यांनी दार लोटून घेतले, वाकून हातोड्याचा एक ठोका दिला आणि कान फरशीला लावून बराच वेळ ऐकत राहिले.

वाचकहो, त्या माजघराची फरशी बसवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि उरलेली हकिगत नानांनी मला स्वतःच्या मुखाने सांगितली. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले आहे, तरी लेखणी जपून चालवली आहे. उणे असेल ते माझे समजावे. आपण वेळ काढून वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

गिरधर लोटन महाले,
फरशी कारागीर, सोनगीर