एक डोळा मिटून

आल्रिकने बर्चच्या लाकडाचा त्रिकोण टेबलावर ठेवला, हनुवटी समोरच्या फळीवर टेकवली, डावा डोळा मिटला आणि त्रिकोण केसभर सरकवला. तिन्ही पट्ट्या एकमेकींना काटकोनात जुळलेल्या दिसू लागल्या. असा त्रिकोण जगात असूच शकत नाही. खरं तर वरचं टोक मोकळंच होतं. एक पट्टी पुढे, दुसरी वीतभर मागे. दोन्ही डोळे उघडले की फट दिसायची आणि सगळं पितळ उघडं पडायचं. उद्या वाचनालयात त्याच्या कामाचं प्रदर्शन होतं, म्हातारा भलताच खुशीत होता.

"यॉर्डिस! बघ तरी येऊन."

बायको कॉफीचा कप घेऊन आली. आल्रिकला हृदयविकाराचा झटका आल्यापासून गाडी तीच चालवायची. ती चालवते तोवर जंगलातलं हे घर आणि ही कार्यशाळा. नंतर शहरात, मुलीच्या इमारतीतला फ्लॅट. त्यावरून आल्रिक मुलीशी कडाकडा भांडला होता.

"बस. हनुवटी या फळीवर."

"न्हाव्याकडे आल्यासारखं वाटतंय," म्हणत ती बसली. आता तो डोळा मिटायला सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली,

"अरे वा! हा जोडलास कसा रे?"

"फट नाही दिसत? वरती?"

"कुठाय फट? पक्का बसलाय की."

तिचे दोन्ही डोळे सताड उघडे होते. त्याने तिच्या डाव्या डोळ्यापुढे हळूच तळवा नेला. पापणी हलली नाही. ती कौतुकाने त्रिकोणच बघत होती.

"कधीपासून?"

तिने मान वळवली, त्याचा हात पाहिला आणि कप खाली ठेवला.

"उन्हाळ्यापासून. उजवाही आता धूसर होतोय."

"आणि तशीच गाडी चालवतेस? कुणी आडवं आलं असतं म्हणजे?"

"तुला इथून हलायचं नव्हतं ना."

त्याला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तो त्रिकोण उचलू लागला.

"राहू दे ना जरा. छान दिसतोय मला."

त्याने तो परत ठेवला आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

"त्या फ्लॅटमध्ये ऊन येतं का गं?" त्याने विचारलं.

यॉर्डिसने चटकन त्याच्याकडे पाहिलं.

"येतं, स्वयंपाकघरात. पण तिथे रंधा मारत बसलास तर खालचे लोक ओरडतील."

"ओरडू देत," आल्रिक म्हणाला.