हळदीची कड

"ह्योबी कोराच," असं म्हणून जलीलनं आणखी एक दिवाळी अंक बाजूच्या ढिगावर ठेवला.

तो अंक वाचत नव्हता. मिटलेला अंक खिडकीच्या उजेडात आडवा धरून पानांची कड तेवढी न्याहाळत होता. धाराशिवातल्या त्याच्या दुकानात दर जुलैला तेरच्या एका वाचनालयाचे वर्षभराचे अंक बांधायला यायचे. यंदा बावीस आले होते आणि बाविसांच्या कडा स्वच्छ पांढऱ्या होत्या. दुसरा कुणी बाइंडर खूश झाला असता. जलील मात्र प्रत्येक अंक दुसऱ्यांदा उजेडात धरत होता.

"इत्ता क्या देख रहे?" त्याची बायको बेगमबी चिकटवायची खळ ढवळता ढवळता म्हणाली. "बांधने बैठे कि पढने?"

खरं सांगायचं तर तो दोन्हीसाठी बसायचा. जलीलची शाळा सातवीत सुटली, वाचन काही सुटलं नाही. खळ वाळेपर्यंत हातातलं पुस्तक वाचून घ्यायचं, ही त्याची चाळीस वर्षांची खोड. आणि त्याला वेड एकाच गोष्टीचं. या जगात घडत नाही ते त्याला हवं असे: दुसऱ्या ग्रहावरची माणसं, स्वतःचं नाव विसरलेलं यंत्र, सावल्या उसन्या देणारं गाव. संसाराच्या कथा तो उघडायचाही नाही. "ते घरी हायेच की," म्हणायचा.

पण असलं लिहिणारे नवे लोक शोधायचे कसे? जाडजूड अंकात अशी कथा एखादीच, आणि तीही भलत्याच मथळ्याखाली दडलेली. त्यात चार वर्षांपूर्वी डावा डोळा गेला. उजव्यानं दहा-बारा पानं वाचली की पाण्याची धार लागायची. म्हणजे एका अंकातली एकच कथा वाचायची, आणि निवड चुकली तर तो अंक हातचा गेला.

ही निवड त्याच्यासाठी नऊ वर्षं दुसरंच कुणीतरी करत होतं. तेरच्या अंकांची पानं कुणीतरी हळदीच्या अंगठ्यानं उलटायचं. अंक मिटला की जेवढी पानं वाचली गेली तेवढ्याच कडेवर पिवळी पट्टी दिसायची. पहिल्या वर्षी जलील वैतागला होता. पट्टीच्या जागी अंक उघडला तर चंद्रावर विहीर खणणाऱ्या बाईची कथा निघाली. दुसऱ्या अंकातल्या पट्टीत झोपेत भविष्य दळणारी गिरणी होती. लिहिणारी परभणीकडची कुणी नवी बाई, नाव कधी कानावर नाही. तेव्हापासून जलील त्या अंगठ्याच्या मागं मागं गेला. वीसेक नवे लेखक त्याला असे मिळाले, आणि अंगठ्यानं एकदाही दगा दिला नाही. वाचून झालं की अंक कटिंग मशीनवर चढायचे, तीन बाजूंनी कापले जायचे आणि पट्टीचा कचरा होऊन जायचा. गावाला परत जाताना बांधलेले खंड कोरे करकरीत.

यंदा पट्टीच नव्हती. माणूस गेलं की काय, या विचारानं त्याला जेवण गोड लागलं नाही.

दुपारी वाचनालय सांभाळणारा कृष्णराज मागं राहिलेले दोन अंक घेऊन मोटारसायकलवर आला. जलीलनं त्याला खाली बसूही दिलं नाही.

"कृष्णराज, ते हळदीच्या हाताचं मानूस कुटं गेलं रं?"

"त्याचा बंदोबस्त केला की चाचा," कृष्णराज अभिमानानं म्हणाला. "मथुराबाई. कांडपवाली, हळद-तिखट कुटनारी. तुमीच म्हनला हुता न्हवं का मागल्या साली, कुनीतरी हळदीच्या हातानं वाचतंय म्हनून? म्या पाळत ठिवली. बाया वर्गणी भरायला आल्या हुत्या, समद्यांच्या म्होरं सांगितलं, हात धुवायचं कळत न्हाय तर पुस्तकं नेऊ नका. तवापासनं फिरकली न्हाय."

जलीलनं हातातला अंक खाली ठेवला. तो म्हणाला होता, अगदी खरं. गेल्या वर्षी खंड हवाली करताना हसत हसत, कौतुकानं म्हणाला होता. पुढचं वाक्य, म्हणजे तोच वाचक मला वाट दाखवतो हे, सांगायची त्याला लाज वाटली होती. अर्धंच बोलला आणि त्या अर्ध्यानं एका बाईचं वाचन संपवलं. त्याला स्वतःची इतकी चीड आली की समोरच्या पोरसवदा माणसावर रागवायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो तेरला गेला. पिशवीत एकच खंड होता. रद्दीत निघालेल्या फाटक्या अंकांतून त्यानं गेल्या पाच-सहा वर्षांत अनोळखी नावांच्या कथा उसवून ठेवल्या होत्या, डोळा साथ देईल तेव्हा वाचू म्हणून. आदल्या रात्रीत त्या शिवून, पुठ्ठा चढवून त्यानं खंड केला होता. कडा मात्र कापल्या नव्हत्या.

कांडपाची पत्र्याची शेड शोधायला लागली नाही. तिखटाच्या ठसक्यानंच ती सापडली. मथुराबाई पन्नाशीच्या पुढची, उंच, डोक्याला फडकं बांधलेली. मनगटापर्यंत दोन्ही हात पिवळे. त्यानं नाव सांगितलं, बाइंडर म्हणून सांगितलं, तशी तिनं मशीन बंद केलं.

"त्ये म्या बोललो हुतो, बाई," जलील म्हणाला. "हळदीचं. पन तक्रार न्हवती. तुमी जिथं वाचलं, तिथंच म्या वाचलं. नऊ सालं. मला दुसरी वाट ठाव न्हाय."

तिनं त्याच्या खळ लागलेल्या बोटांकडं पाहिलं. मग म्हणाली, "कडा तुमीच कापत हुता व्हय?"

"व्हय."

"म्या जुनी पुस्तकं पुन्यांदा न्यायची. दरसाली डाग गेल्याला आसायचा. मला वाटायचं, कुनीतरी हाय, जे आपल्याला सांबाळून घेतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आन तुमीच सांगितलं."

जलीलला मान वर करता येईना. सांभाळलंही त्यानंच होतं आणि घालवलंही त्यानंच. त्यानं पिशवीतून खंड काढून मशीनशेजारच्या फळीवर ठेवला.

"ह्ये वाचनालयाचं न्हाय. माझं हाय. ह्यातलं चांगलं कोन लिवतंय, मला कळत न्हाय. डोळा ऱ्हायला न्हाय. तुमी वाचा. आन हात धुऊ नका."

"लिवनाऱ्याचं नाव म्या कदी बघत न्हाय, चाचा. गोष्ट बघते."

"नाव नगं. नुसती कड पिवळी होऊ द्या."

ती पहिल्यांदाच थोडीशी हसली, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. खंडाला तिनं हात लावला नाही. "ठिवा तिथं," म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

दोन महिन्यांनी कृष्णराज दुकानात आला. खंड वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेला होता.

"मथुराबाईनी दिलाय. समदा वाचला म्हनल्या. आन लोकाच्या पुस्तकाला डाग पडू दिला न्हाय, त्येबी सांगा म्हनल्या."

"वाचनालयात येती का?"

"तुमी येऊन गेल्याचं कळलं, तवा म्या जाऊन माफी मागितली चाचा. न्हाय म्हनल्या."

तो गेल्यावर जलीलनं सुतळी सोडली. खंड मिटून खिडकीपाशी आडवा धरला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कड पांढरी होती. चष्मा पुसून त्यानं पुन्हा पाहिलं, उलटा करून पाहिलं. एकवीस कथा, एकवीस अनोळखी माणसं, आणि त्यांतलं तिला कोण आवडलं हे सांगणारी एकही खूण नव्हती.

त्यानं खंड मध्येच कुठंतरी उघडला आणि चेहऱ्याजवळ नेला. पानाला साबणाचा वास येत होता. त्यानं दहा पानं पुढं जाऊन पाहिलं, मग शेवटचं पान. तिथंही येत होता.

"क्या हुआ?" बेगमबीनं विचारलं.

"कुछ नहीं," तो म्हणाला. मग उठून मोरीवर गेला, हातांची खळ घासून घासून धुतली, हात टॉवेलला कोरडे केले, आणि खिडकीत बसून पहिल्या कथेचं पहिलं पान उघडलं.