स्वाइन फ्लूची रंगीत तालीम

२००९च्या पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लू आला आणि नारायणगावच्या बाजारात टोमॅटोशेजारी मास्क विकायला आले. दिवाळीनंतर साथ ओसरली, तेव्हा आमच्या गावाला जाग आली. ‘साथरोग पूर्वतयारी समिती’ स्थापन झाली. अध्यक्ष भगवंतराव. दूध सोसायटी, यात्रा कमिटी आणि क्रिकेट स्पर्धा यांचेही अध्यक्ष तेच असल्यामुळे रोगांचा अनुभव वेगळा तपासावा लागला नाही.

समितीने ठरवलं, पुढची साथ यायच्या आत रंगीत तालीम घ्यायची. एक रुग्ण अँब्युलन्समधून सरकारी दवाखान्यात आणायचा, वेगळ्या खोलीत ठेवायचा, बरा करायचा. खोटा रुग्ण व्हायला कोणी तयार होईना, अपशकुन नको. शेवटी तमाशाचा फड सुटल्यामुळे घरी बसलेला सोंगाड्या चांगदेव सगळ्यांना आठवला.

तो लगेच हो म्हणाला. चार-पाच दिवस तो तापाने फणफणत होता. दवाखान्यात गेला की डॉक्टर समितीच्या बैठकीला गेलेले असत.

“तालमीत का व्हईना, डॉक्टर हात तरी लावील,” त्याची बायको कुशाबाई म्हणाली.

तालमीला मांडव घातला. गर्दी टाळा, असं सांगायला लाउडस्पीकरवरून चार गावं बोलावली होती. कापडवाले उत्तमचंद शेठ यांनी मास्क वाटले. प्रत्येकाच्या नाकावर त्यांच्या दुकानाचं नाव आलं. वक्ते एकेक करून तो मास्क हनुवटीवर ओढत आणि एकाच माइकला तोंड लावून स्वच्छतेवर बोलत. चांगदेव स्ट्रेचरवर उन्हात पडून होता. त्याला खोकल्याची उबळ आली. मागून शिट्टी पडली.

“काय खोकतोय राव! जातिवंत कलाकार!”

“चांगदेव भाऊ, जरा दमानं,” भगवंतराव माइकवरून म्हणाले. “मुख्य पाहुणं यायचेत अजून.”

कुशाबाई डॉक्टरांपुढे आली. “सायेब, ह्ये सोंग न्हाई. हात लावून बघा, नुसता तवा तापलाय.”

“बाई, छान करताय,” डॉक्टर म्हणाले. “पण आपल्या कार्यक्रमात नातेवाईक धरलेले नाहीत.”

“डॉक्टर, मला खरंच दम लागलाय वो,” चांगदेव कण्हला. मांडव हसून लोटपोट झाला. सोंगाड्याच्या तोंडून खरं ऐकायची गावाला सवय नव्हती.

मुख्य पाहुणे आले. अँब्युलन्सने चांगदेवला घेऊन मांडवाला एक वळसा घातला. वेगळ्या खोलीत पाहुण्यांची पंगत मांडलेली असल्यामुळे चांगदेवला दारातच बरा झाल्याचं जाहीर करण्यात आलं. शाल, श्रीफळ, फोटो. मग अँब्युलन्स पाहुण्यांना सोडायला गेली.

“आता तरी तपासा,” कुशाबाई म्हणाली.

“अहो, आत्ताच बरा केला ना त्याला!” डॉक्टर म्हणाले आणि जेवायला बसले.

तिने त्याला सत्काराच्या शालीत गुंडाळून नारायणगावच्या स्टँडवर नेलं आणि पुण्याच्या जीपमध्ये कोंबलं. आत माणसांवर माणसं होती. एकाने चांगदेवला ओळखलं. “मास्तर, होऊन जाऊ द्या की एखादी बतावणी!” मास्तर त्याच्या खांद्यावर खोकले.

पुण्याच्या दवाखान्यात बरेच दिवस नळ्या लावून चांगदेव वाचला. जीपमधले अर्धे लोक त्या आठवड्यात अंथरुणाला खिळले. म्हणजे तालीम अपेक्षेपेक्षा मोठ्या प्रमाणावर यशस्वी झाली. समितीने बैठक घेतली आणि धडा घेतला: यापुढे रुग्ण निवडताना तो निरोगी असल्याची आधी खात्री करावी.

पुढच्या वर्षी भगवंतराव स्वतः चांगदेवच्या ओट्यावर आले. “चांगदेव भाऊ, लई नाव झालं आपलं. औंदाही तालीम हाय. आता तर तुमाला अनुभव बी हाय.”

चांगदेवची हाडं अजून मोजता येत होती. तो हळूच सरकून बसला.

“अध्यक्ष, या खेपेला तुमी पडा आजारी. अध्यक्षाचं सोंग मी घेतो. त्याला काय, ताप बी लागत न्हाई.”