अकराव्या मजल्यावरचं एरुलिक

माझे सासरे झुनिसबेक यांना कझाक माळावरून राजधानीत, अस्तानाला आणून सात महिने झाले, तरी रोज सकाळी खिडकीशी बसून ते मला एकच विचारायचे, "सूनबाई, कुठवर आलो?"

खाली धुकं पसरलेलं असायचं. अकराव्या मजल्यावरून ना रस्ता दिसे, ना गाड्या. "घर चालतंय," ते म्हणायचे, "उंटाच्या चालीनं. सावकाश." खोटं कशाला बोलू, एक-दोनदा मीसुद्धा टेबल घट्ट धरलं.

त्यांचं जेवण तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, मन खचलंय, गोळ्या द्या, माणसांत मिसळू द्या. माणसांत! आमच्या मजल्यावर चार दारं, चारही कायम बंद.

एकदा मी चिडलेच. "बाबा, केव्हाच पोचलो की आपण!"

"पोचलो? मग आपल्याला एरुलिक कुणी दिलं?"

नवं बिऱ्हाड आलं की जुन्या शेजाऱ्यांनी त्याला जेवायला बोलवायचं, ही रीत मला ऐकून ठाऊक होती. मी शहरात वाढलेली. त्या जेवणाशिवाय माणूस वाटेतच राहतो, हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं. फार वाईट वाटलं मला. शेजाऱ्यांच्या कानावर घालते म्हटलं, तर सासरे म्हणाले, "मागून घेतलं तर ती भीक, पोरी."

मार्चमध्ये समोरच्या घरात बालझिया नावाची म्हातारी आली, तुर्गाईच्या माळावरून. मुलगा सामान टाकून कामावर निघून गेला. तीन दिवस सासरे दाराला कान लावून होते. तिला कुणीही बोलावलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी टोपी चढवली.

"मटण आण. चांगलं चरबीचं."

"आता कुणासाठी?"

"डोळे फुटले का तुझे? ती बाई वाटेवर उपाशी बसलीय!"

बालझियाआजी आधी लाजल्या, मग पोटभर जेवल्या. सासरे हातानं मांस कापून त्यांच्यापुढे सारत होते आणि मधूनच स्वतःच्या तोंडात टाकत होते. मी बघतेय हे त्यांना कळू नये म्हणून मी चहाकडे वळले.

"भाऊ, इथं झोप लागते का हो?" आजींनी हळूच विचारलं.

"आधी नाही लागत. मग लागते."

"तुम्ही मूळचे इथलेच?"

माझा हात किटलीवरच थांबला. सासऱ्यांनी सुरी पुसली, बाजूला ठेवली.

"हो," ते म्हणाले. "आम्ही इथलेच."