दुसरा मोजणारा

निधीने टेबलावरचं पिवळं कार्ड उचललं, खणात टाकलं आणि खणाला किल्ली लावली. समोर बसलेल्या गंधालीची नजर कार्डाबरोबर खणापर्यंत गेली आणि तिथेच राहिली. सात वर्षांची ती पोर बोलत नव्हती, पण कुठली वस्तू कुठे गेली हे तिला कधी सांगावं लागत नसे.

"दहा मिनट," निधी म्हणाली. "शेखर भैया, घड्याळ लावा."

मागे, भिंतीलगतच्या स्टुलावर गंधालीचा बाप बसला होता. त्याने मोबाइलवर घड्याळ लावलं आणि मांडीवरच्या कागदावर पेन्सिल टेकवली. शेखर रेल्वेत सिग्नलच्या कामावर होता. तीन दिवसांची सुटी काढून तो ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या निधीच्या या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत रोज सकाळी येऊन बसत होता, आणि त्याचं काम एकच होतं: मुलगी स्वतःला किती वेळा चावते ते मोजायचं.

निधीही मोजत होती. दोघांनी एकमेकांचा कागद बघायचा नाही, आकडे शेवटी ताडून पाहायचे. एकट्या माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही, हा मुलांच्या सवयींवर उपचार करण्याच्या तिच्या धंद्यातला पहिला नियम. एरवी दुसरी मोजणारी म्हणून तिच्याबरोबर काम करणारी मंदाकिनी दीदी असायची, पण ती भाचीच्या लग्नाला दुर्गला गेली होती. म्हणून मग बापच बसला. कशाला चावा म्हणायचं ते निधीने त्याला लिहूनच दिलं होतं. दात मनगटाला टेकले की एक, खूण उमटो न उमटो.

गंधालीच्या दोन्ही मनगटांवर जाड सुती पट्टे बांधलेले होते. तीस चावे झाले किंवा पट्ट्याबाहेर दात गेले की लगेच थांबायचं, हेही ठरलेलं.

"गंधाली, मणी घाल," निधी म्हणाली.

गंधालीने एक लाल मणी दोऱ्यात घातला. मग दुसरा.

सगळी गोची दोन महिन्यांपूर्वी झाली होती. कुठलंही काम सांगितलं की गंधाली मनगट चावायची, आणि चावली की घाबरून काम थांबवलं जायचं. दहा मिनिटांत बावीस-बावीस चावे. निधीने तिला पिवळं कार्ड दिलं. काम नको वाटलं की हे समोरच्याच्या हातात द्यायचं, मिनिटभर सुटका. कार्ड आल्यावर चावे दोन-तीनवर आले. पण नेमकं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दवाही सुरू केली होती, आणि ते निधीला कोणी सांगितलंच नाही. आईबापांनी दोन्ही उपाय एकदमच धरले. कोण नाही धरणार? पोर चावत असताना आधी हे करू, मग ते करू, असा हिशोब कोणाला सुचतो?

आता चावे थांबले होते, पण मुलगीही थांबल्यासारखी झाली होती. जेवता जेवता ताटावरच डुलक्या घ्यायची. पूर्वी रेल्वे क्वार्टरसमोरून मालगाडी गेली की शेवटचा डबा जाईपर्यंत टाळ्या वाजवायची, आता मान वर करत नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, कार्डानेच फरक पडला असं दाखवा, मी दवा हळूहळू कमी करतो. नाहीतर चालू ठेवावी लागेल. किती वर्षं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. शनिवारी त्यांना आकडे दाखवायचे होते. दवा एकदम बंद करणं धोक्याचं, म्हणून मग कार्ड काढून घ्यायचं. कार्ड गेल्यावर चावे परत आले, तर कार्डच खरं. पहिला दिवस काल झाला, आज दुसरा.

गंधालीचा हात मण्यांवरून उठला.

मागे शेखर खोकला. निधीने मान वळवली.

"पाणी पाहिजे का?"

"नाही, नाही. चालू द्या."

ती पुन्हा समोर वळली तेव्हा गंधालीचा हात खाली आला होता. तिने मणी पुढे सरकवले. थोड्या वेळाने शेखरची पेन्सिल घरंगळत निधीच्या खुर्चीखाली आली, ती तिने उचलून दिली. मग त्याने उठून पंख्याचं बटण कमी केलं. खाली गल्लीत कोणीतरी स्कूटीचा हॉर्न दाबून धरला होता. दहा मिनिटं संपली तेव्हा निधीच्या कागदावर एक रेघ होती. शेखरच्याही कागदावर एकच.

दार ढकलून भावना आत आली. गंधालीची आई तिन्ही दिवस बाहेर जिन्यावर बसायची असं पहिल्याच दिवशी ठरलं होतं. तिला बघवत नव्हतं.

"किती?"

"एक," निधी म्हणाली. "काल दोन होते."

भावनाचा चेहरा आधी उजळला, मग तिला कळलं. ती भिंतीला टेकली.

"म्हणजे दवाच आहे."

"उद्याचा एक दिवस बाकी आहे, दीदी."

"चांगलंच आहे न," शेखर म्हणाला. "पोट्टी चावली नाही, आन् तू तोंड पाडून राहिली."

"तुमाले समजून नाही राहिलं का?" भावनाचा आवाज चढला. "आता जल्मभर अशीच झोपून राहणार ते. तुमाले चालते?"

शेखरने गंधालीला कडेवर घेतलं. सात वर्षांची, दवेने चार किलो वाढलेली मुलगी, आणि तो तिला जिन्यावरून उचलूनच खाली घेऊन गेला.

दुपारी निधी डबा उघडा ठेवून फोनवरचं चित्रण बघत बसली. दोन्ही दिवस तिने फोन फळीवर ठेवून सगळं टिपलं होतं. त्यात गंधाली, स्वतः निधी आणि मागच्या स्टुलावरचा शेखर, तिघंही दिसत. चुकलेलं काही सापडतं का, एवढीच आशा होती. आकडे खोटे ठरावेत असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून स्वतःचीच लाज वाटत होती. आकड्यांनी आपल्या मनासारखं वागावं असं वाटायला लागलं की माणसाने हे काम सोडावं, असं तिला शिकवणारे म्हणायचे.

पहिल्यांदा ती गंधालीकडेच बघत राहिली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने चित्रण मध्येच थांबवलं, मागे घेतलं, परत लावलं.

हात उठला. खोकला. निधी मागे वळली, आणि ती वळल्यावर "मणी घाल" म्हणणारं कोणी उरलं नाही. हात खाली आला.

तिने पुढे बघितलं. हात उठला. पेन्सिल पडली. निधी वाकली. हात खाली.

हात उठला. शेखर उठला. पंखा.

निधीने कोरा कागद घेतला. रोजच्यासारखे रकाने आखले आणि वर नावाच्या जागी लिहिलं, शेखर. डबा तसाच थंड होत राहिला. दोन दिवसांत मिळून गंधालीचा हात एकतीस वेळा तोंडाकडे निघाला होता. अठ्ठावीस वेळा बापाने काही ना काही केलं होतं, खोकला, पेन्सिल, पंखा, स्टूल सरकवणं, एकदा नुसतं "अं". त्या अठ्ठावीस वेळा निधी वळली होती आणि हात खाली आला होता. उरलेल्या तीन वेळा तो गप्प राहिला, आणि ते तीन चावे झाले होते.

तिला हसूही आलं आणि रडूही. कार्ड तिने खणात कुलूपबंद केलं होतं, आणि कार्डाचं काम बाप स्टुलावर बसून करत होता.

शुक्रवारी सकाळी गंधाली आतल्या खोलीत झोक्यावर होती. निधीने दोघांना बसवलं आणि चित्रण दाखवलं. मग कागद पुढे ठेवला.

शेखरने आपलं नाव वाचलं. एकेका रेघेवरून बोट फिरवत तो खालपर्यंत गेला.

"मी मुद्दाम नाही केलं, मॅडम."

"मला माहीत आहे, भैया."

"आईच्यान. मले मालूमच नाही मी खोकललो."

खोटं बोलत नव्हता तो. निधीला ते चित्रणातच दिसलं होतं. खोकताना त्याची नजर कागदावर असायची, चेहरा अगदी कामात असलेल्या माणसाचा. इतकी वर्षं पोरीचा हात तोंडाशी जायच्या आत काहीतरी करायचं, हे त्याच्या अंगात भिनलं होतं, आणि ज्या माणसाने तिचा एकेक चावा टाळला त्यालाच आम्ही चावे मोजायला बसवलं, असं तिच्या मनात आलं.

"चूक माझी पण आहे," ती म्हणाली. "वळत तर मीच होते. आज मी वळणार नाही, काहीही झालं तरी. पण तुम्हाला जमणार नसेल तर भावना दीदी बसतील."

भावनाने मान हलवली. तिचे डोळे कागदावरच होते.

"माझ्यानं नाही होणार," ती हळूच म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अन् तुमच्यानं?"

शेखर उठला, स्टूल पुन्हा भिंतीपर्यंत मागे नेलं, पेन्सिल दोन्ही हातांत धरली.

"बसतो मी. आणा पोट्टीले."

भावना बाहेर जिन्यावर गेली. पोरीने चावू नये म्हणून आजवर देव पाण्यात घातले होते, आज तिने चावावं म्हणून घालायचे होते. अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दार लावून घेताना निधीला ती पायरीवर पदर तोंडाशी धरून बसलेली दिसली.

निधीने कार्ड खणात ठेवलं. घड्याळ सुरू झालं.

"गंधाली, मणी घाल."

एक मणी. दोन. तिसऱ्याला गंधालीचा हात उठला. निधीने मागे कान लावला. काहीच आवाज आला नाही. हात वर गेला, आणि गंधालीने बापाकडे बघितलं. सरळ, वाट बघत. किती वेळ कोण जाणे. मग तिने मनगट तोंडात धरलं.

निधीने एक रेघ मारली. काम थांबवलं, कार्ड येण्याआधी थांबवत असत तसं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं. यापुढे गंधालीने मागे बघितलं नाही. तिला कळलं होतं की आज तिकडून काही येणार नाही. एक, मग लगेच दुसरा, मग चार एका दमात. घशातून तिचा तो जुना आवाज निघाला, दोन महिन्यांत कोणी न ऐकलेला. मागे स्टूल एकदा कुरकुरलं आणि थांबलं. तिला मागे वळून बघावंसं इतकं वाटलं की तिने मान आखडून धरली. माणूस श्वास घेतोय की नाही, तेही ऐकू येत नव्हतं.

सातव्या मिनिटाला मणी जमिनीवर सांडले. गंधाली ते बघायला टेबलाखाली वाकली, आणि निधी मणी गोळा करायला दुसऱ्या बाजूने वाकली. दोघी वर आल्या. पुन्हा मणी, पुन्हा हात. पट्ट्याबाहेर दात गेले नाहीत. आकडा तीसला पोचला नाही.

घड्याळ वाजलं.

निधीने गंधालीला झोक्यावर नेऊन बसवलं, पट्टे सोडले, दोन्ही मनगटं उलटसुलट करून पाहिली. कातडी लाल झाली होती, फुटली नव्हती. मग ती बाहेर आली आणि आपला कागद टेबलावर ठेवला. एकोणीस.

शेखर अजून स्टुलावरच होता. पेन्सिल मधोमध मोडली होती आणि मोडक्या टोकाने त्याने पुढच्या रेघा मारल्या होत्या. त्याने कागद निधीच्या कागदाशेजारी ठेवला. वीस.

"एक तुमाले नाही दिसला," तो म्हणाला. "मणी सांडले तव्हा. तिनं टेबलाखाली डाव्या हाताले धरलं होतं."

निधी त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. आपला आकडा बदलायचा नाही, हाही नियमच होता. तिने नोंदवहीत दोन्ही लिहिले, एकोणीस आणि वीस, आणि उद्या डॉक्टरांसमोर ठेवायचं पान घडी घालून वेगळं काढलं.

दार उघडलं. भावना उंबऱ्यातच थांबली.

"वीस," शेखर म्हणाला. "भावना, पूरे वीस."

भावना हसली. मोठ्याने, खळखळून हसली. आतून झोक्याच्या कड्यांचा आवाज आला, आणि आपण कशाला हसलो ते तिच्या ध्यानात आलं. ती तोंडावर हात दाबून दारातच खाली बसली.