कावळे हाकणारी

कमलबाईच्या घरी कुरडया असल्या की चीक हाटायचा मान तिचाच. आम्हा शेजारणींना ती चाटूला हातसुद्धा लावू देत नसे. सून अयोध्या बाजूला बसलेली असली तर तिची सावलीही तिला चालायची नाही. चीक नासतो म्हणे, कुरडया लाल पडतात.

यंदा मात्र म्हातारी काठी घेऊन लांब लिंबाखाली जाऊन बसली. "म्या कावळे हाकते. चीक तुमी हाटा."

मला काहीच उमगलं नाही. अयोध्यानं चुलीतला जाळ मागं ओढला आणि सरळ तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"आत्या, खरं सांगा. कावळा शिवलाय का तुमाला?"

"हळू बोल की गं भवाने!"

"पाळी जाऊन सात वर्सं झाली तुमची."

"दिवाळीपास्नं जातंय अंगावरून. उष्णता हाय. सब्जा पिते म्या."

"दिवाळीत उन्हाळा व्हता व्हय?"

दिवाळी ते चैत्र! एवढे महिने ही बाई चिंध्या लपवून धूत होती आणि भिंतीला भिंत असून मला पत्ता नाही. माझाच मला लई राग आला.

"दुखत तर न्हाय कुठं," म्हातारी म्हणाली.

"दुखायची वाट बघायची व्हय? आशाताईनं काय सांगितलं? पाळी गेल्यावर परत अंगावरून गेलं, तर लगोलग दाखवायचं. कॅन्सरबी असतो. येळंत धरला तर बरा व्हतो."

"ह्या वयात दवाखान्यात लुगडं वर करू? लेकाला, रणधीरला तोंड कसं दावू?"

अयोध्यानं तिच्या हातातली काठी काढून घेतली आणि चाटू दिला. "हाटा. नासला तर दवाखान्याचं नाव काढणार न्हाय. न्हाय नासला, तर उद्या सातच्या गाडीनं धाराशिव."

म्हातारीनं आई तुळजाभवानीचं नाव घेत चीक हाटला. आम्ही भराभर कुरडया घातल्या.

दिवस कलला तशी तिनं एक कुरडई उचलून उन्हाला धरली. पांढरीशुभ्र होती.

"हारलात की काकू!" मी हसले.

ती हसली नाही. कुरडईकडं बघतच राहिली.

"नासला न्हाय," ती म्हणाली. "म्हंजी ह्यो कावळा न्हाय." तिनं अयोध्याचं मनगट घट्ट धरलं. "मंग काय हाय गं ह्ये?"

अयोध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीच मग पदरानं हात पुसत म्हणाली, "सातची गाडी चुकवू नगं."