रजेवर गेलेला जवान

भोरच्या बाजारपेठेत बुद्धभूषणच्या दुकानावर पाटी आहे: 'पडदा, प्रोजेक्टर व साउंड भाड्याने मिळेल.' पिक्चरवरच्या त्याच्या मतांचा उल्लेख पाटीवर नाही, कारण ती भाड्यानं द्यावी लागत नाहीत. फुकट मिळतात, आणि नको म्हटलं तरी मिळतात.

माणूस मूळचा उत्रोलीचा. भाताची खाचरं भाऊ बघतो, हा पडदा बघतो. चाळिशी उलटली, पण मारामारीचे, खुनाचे आणि लढाईचे पिक्चर सोडून त्यानं दुसरं काही धड पाहिलेलं नाही. प्रेमाच्या पिक्चरचं नाव काढलं तर विचारतो, "त्यात मरतं कोण?" त्याची बायको शुभांगी शेजारणींना सांगते, की घरात चोर शिरला तर आमचे हे आधी त्याची चाल बघून मत देतील, मग अंथरुणातून उठतील.

मतं मात्र कच्ची नसत. खुनाच्या पिक्चरमध्ये इन्स्पेक्टर घरी आला, की जो सगळ्यात आधी "चहा घ्या" म्हणतो तो खुनी नसतो, असं त्याचं ठाम म्हणणं. खुनी माणसाला पाहुणचार सुचत नाही. मारामारीत तीसजण हिरोला घेरतात आणि रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे एकेक करून मार खायला येतात, हे तो चालवून घेई. पण मोटारसायकलचा पाठलाग त्याला चालत नसे. त्या हिरोला म्हणावं, पावसाळ्यात पाबे घाट चढून दाखव, मग तुला मानतो. आणि लढाईचा पिक्चर लागला की त्याला नुसता ऊत येई. कोण मरणार हे तो पहिल्या पंधरा मिनिटांत सांगत असे. रजा मंजूर झालेला मरतो. लग्न ठरलेला मरतो. खिशातून पोरीचा फोटो काढून मित्राला दाखवणारा तर मरतोच, त्याला ब्रह्मदेव वाचवू शकत नाही. बुद्धभूषणचा ब्रह्मदेवावर विश्वास नव्हता, पण बोलायच्या ओघात म्हणायचा.

त्याचा एक नियम होता, तो म्हणजे पिक्चर कापायचा नाही. नसरापूरचा एक पडदेवाला गाणी पुढं ढकलून पिक्चर लवकर संपवतो हे कळल्यावर बुद्धभूषणनं त्याला भर चौकात 'खाटीक' म्हटलं होतं. भोंगवलीत एका पुढाऱ्यानं, बायापोरं बसलीत, तेवढी रक्ताची जागा गाळा, असं सांगितलं, तेव्हा गड्यानं पडदा गुंडाळला, टेम्पोत टाकला आणि जेवायलाही न थांबता घर गाठलं. पिक्चर बरा असो की वाईट, करणाऱ्यानं केला तसा दाखवायचा, मग हव्या तेवढ्या शिव्या द्यायच्या. यावरून त्याची धंद्यात बरीच नाचक्की झाली, पण मान पण त्यातूनच मिळाला.

तर गेल्या उन्हाळ्यात वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका धनगरवाडीनं जननीदेवीच्या जत्रेसाठी त्याचा पडदा ठरवला. वाडी लहान. शेरडं, मेंढरं आणि थोड्या म्हशी यांच्यावर चाललेली. जत्रा कमिटीच्या रखमाजीनं फोनवर एवढंच सांगितलं, "लढाईचा आणा. तुमाला समजतंय त्यातलं." असं कुणी म्हटलं की बुद्धभूषण पाघळत असे. त्यानं त्याच्या मते गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला लढाईचा पिक्चर निवडला.

दुपारी तो टेम्पो घेऊन वाडीत पोचला. देवळापुढच्या पटांगणाला लागूनच हैबती ढेबेचं घर होतं, वायर तिथूनच ओढायची होती. हैबती शेरडांमागं गेलेला. त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, भाकरी आणि ताक पुढं ठेवलं आणि उंबऱ्यात बसून ती बोलत राहिली. तिचा सूरज फौजेत होता. सरहद्दीवर. रजा मंजूर झाली होती, जत्रेलाच यायचा होता. भोंगवलीकडच्या प्रांजलशी लग्न ठरलं होतं, ज्येष्ठातली तारीख धरली होती. आणि मध्येच तिकडं सरहद्दीवर पेटलं. तेव्हापासून त्याचा फोन लागत नव्हता.

"कुठं हाय, कसा हाय, कायबी कळंना," ती म्हणाली. "पोरीचा फोटू मागून घेतला व्हता त्यानं. म्हणला, खिशात ठिवतो."

बुद्धभूषण तेव्हा दातांनी वायर सोलत होता. त्यानं एका कानानं ऐकलं आणि मान हलवली.

"आज बगते तुमचा पिक्चर," चंद्राबाई म्हणाली. "म्या कवा बगत न्हाई. पण पोरगं तितं कसं ऱ्हातंय, काय खातंय, त्येवढं तरी दिसंल. खरं असतंय ना रं त्यातलं?"

"ह्या पिक्चरमधलं सगळं खरं हाय, मामी," बुद्धभूषण म्हणाला. "म्हणून तर आणलाय."

अंधार पडला, आरती झाली आणि पिक्चर सुरू झाला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसा जत्रेतला पिक्चर. दर थोड्या वेळानं कमिटीचं माणूस चिठ्ठी आणून देई, आणि बुद्धभूषण पिक्चर थांबवून माईकवर देणगीदारांची नावं वाचे, नाहीतर वाटेत आडवी लावलेली गाडी काढायला सांगे. हे त्याच्या नियमात बसत होतं. थांबवणं वेगळं आणि कापणं वेगळं.

असंच एकदा नारळ देणाऱ्यांची नावं वाचून त्यानं पिक्चर पुन्हा चालू केला. पडद्यावर बर्फ होतं. खंदकात दोन जवान चहा पीत होते. त्यातल्या मिसरूड फुटलेल्या पोरानं हातमोजा काढला, खिशात हात घातला आणि एक फोटो बाहेर काढला.

शेजारी बसलेल्या वाडीतल्या अमृतनं विचारलं, "ह्यो हिरो काय, भूषणभाऊ?"

"कशाचा हिरो! गेला ह्यो. रजा मंजूर झालीय, लगीन ठरलंय, खिशात पोरीचा फोटू. इंटरव्हल बगत न्हाई हा. ल्ह्यून ठिवा."

माईक चालूच होता. दोन्ही साउंडमधून ते शब्द पटांगणभर गेले, समोरच्या कड्यावर आपटले आणि थोड्या अंतरानं परत आले. 'ल्ह्यून ठिवा' सगळ्यांनी दोनदा ऐकलं.

एरवी अशा वाक्याला शिट्ट्या पडतात. आज कोणी हसलं नाही. बुद्धभूषणला वाटलं, लोकांना कळलं नाही. मग अमृतनं त्याच्या हातातला माईक काढून घेतला आणि बटण बंद केलं. तेव्हा त्यानं मान वर करून बायकांच्या बाजूला पाहिलं. पुढच्याच सतरंजीवर चंद्राबाई बसली होती. तिच्या आजूबाजूच्या बायका तिच्याकडं बघत होत्या. ती कोणाकडंच बघत नव्हती. पदराचा शेव दातात धरून ती पडद्यावरच्या त्या पोराकडं बघत होती.

दुपारी एका कानानं ऐकलेलं सगळं आता दोन्ही कानांत शिरलं. जिभेला हाड नसणं म्हणजे काय, ते बुद्धभूषणला त्या क्षणी कळलं, आणि त्याला स्वतःची मनापासून किळस आली.

पण किळस येऊन भागणार नव्हतं. पिक्चर पुढं चालला होता आणि पुढं काय आहे हे त्या पटांगणात फक्त त्यालाच ठाऊक होतं. पोरगं फोटो खिशात ठेवणार, पहाट होणार, गोळीबार सुरू होणार. मग तो बर्फात पडणार, आणि कॅमेरा त्याच्या उघड्या डोळ्यांवर बराच वेळ थांबणार. त्या थांबण्याची बुद्धभूषणनं दुकानात आलेल्या प्रत्येकापाशी तारीफ केली होती. इतका वेळ थांबायला छाती लागते, म्हणायचा.

त्यानं पिक्चर थांबवून पडदा काळा केला. माईक परत घेतला आणि देणगीदारांची नावं वाचली. तीच, मघाचीच. रखमाजी लांबून हातवारे करून विचारू लागला, की हे काय चाललंय. बुद्धभूषणनं एका हरवलेल्या चपलेचाही पुकारा केला. चप्पल कोणाचीच हरवली नव्हती. तोवर त्याचं बोट लॅपटॉपवर सरकत होतं. पहाट गेली, गोळीबार गेला, ते थांबणंही गेलं. पिक्चर पुन्हा सुरू झाला तेव्हा जवान शेकोटीभोवती बसले होते आणि ते पोरगं त्यांच्यात नव्हतं.

थोडा वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एकजण ओरडला, "आवो, त्यो फोटूवाला कुठं गेला?"

"व्हय की! मरणार व्हता ना?" दुसरा कोणीतरी म्हणाला. त्याला बाजूच्यानं गप्प केलं.

बुद्धभूषणनं माईक तोंडाशी नेला. "त्याची रजा मंजूर व्हती," तो म्हणाला. "त्यो रजेवर घरी गेला."

कड्यानं तेही परत पाठवलं.

पण पिक्चर कापणाऱ्याचं दुखणं एका कापण्यानं संपत नाही. शेकोटीभोवतीचे जवान त्याच पोराची आठवण काढून रडणार होते, ते गाळावं लागलं. सुभेदार त्याच्या नावानं शपथ घेतो, तेही गेलं. शेवटी शिखर सर झाल्यावर पडलेल्यांची नावं वाचतात, आणि पहिलंच नाव त्याचं. निशाण वर चढता चढताच बुद्धभूषणनं प्रोजेक्टर बंद केला आणि "पिक्चर संपला, जननीच्या नावानं चांगभलं" म्हणून दिवे लावले. लोक डोळे चोळत एकमेकांकडं बघू लागले.

रखमाजी तरातरा आला. "ह्याला काय पिक्चर म्हणत्यात? निम्मी माणसं का रडत्यात त्येच कळंना."

"बंडल हाय पिक्चर," बुद्धभूषण म्हणाला. "माझी निवड चुकली."

हे बोलणं त्याच्या जिवावर आलं, कारण पिक्चर बंडल नव्हता. आयुष्यात त्यानं पिक्चरवर दिलेलं हे पहिलं खोटं मत.

सतरंज्या गोळा होत असताना चंद्राबाई त्याच्याजवळ आली. "भूषण, गेला ना रं त्यो घरी?"

"गेला, मामी."

"बरं जालं," ती म्हणाली आणि घराकडं वळली.

पुढं भोर-वेल्ह्यात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बुद्धभूषणनं पिक्चर कापला. नसरापूरच्या त्या पडदेवाल्यानं मुद्दाम फोन करून खाटकाची तब्येत विचारली. बुद्धभूषणनं ऐकून घेतलं. दुकानात मात्र तो गप्प राहू लागला. दिवसातून दोनदा तो अमृतला फोन लावून सूरजचं काही कळलं का विचारी, आणि काही कळलं नाही असं ऐकून ठेवून देई.

आणि मग एका सकाळी चंद्राबाई दुकानाच्या दारात उभी. हैबती बाजारात दोन बोकड घेऊन गेला होता, ती एसटी स्टँडवर थांबायचं सोडून इकडं आली होती. बुद्धभूषण ताडकन उठला.

"सूरजचा फोन आला काल," ती म्हणाली. "रजा पुडं ढकलली. पण बोलला, चांगला हाय."

बुद्धभूषणनं स्टूल पुसून तिच्यापुढं सरकवलं.

चंद्राबाई स्टुलावर टेकली. "आता दाव," ती म्हणाली.

"काय, मामी?"

"त्या दिवशी कापलंस त्ये. म्या येडी हाय व्हय? चप्पल कुनाची हरवली व्हती रं?"

त्यानं नको म्हणून पाहिलं. ती हलली नाही. शेवटी त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला आणि पिक्चर लावला. पहाट झाली, गोळीबार झाला, पोरगं बर्फात पडलं. कॅमेरा त्याच्या उघड्या डोळ्यांवर थांबला. बुद्धभूषणला पहिल्यांदाच ते थांबणं फार लांबलंय असं वाटलं. चंद्राबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग शेकोटी झाली, शपथ झाली, शिखर सर झालं, नावं वाचून झाली. शेवटच्या पाट्या सुरू झाल्या.

"आन् ह्याची आई?" तिनं विचारलं.

"काय?"

"ह्याच्या आईला कुनी सांगितलं?"

बुद्धभूषणनं आठवून पाहिलं. ह्या पिक्चरमध्ये नव्हतंच ते. बाकीच्या पिक्चरांत कधी दारात गाडी थांबते, एक बाई किंकाळी फोडते, की लगेच पुन्हा लढाई. ती जागा आली की तो इतकी वर्षं पाणी प्यायला उठत आला होता.

"त्ये न्हाई दावलं, मामी."

"मंग निम्माच हाय की तुझा पिक्चर," चंद्राबाई म्हणाली. रागानं नाही, बोकडाचं वजन सांगावं तशी म्हणाली. "मागं घे. फोटू दावतोय तितं."

त्यानं मागं घेतला. खंदक, चहा, हातमोजा. पोरानं खिशातून फोटो काढला आणि मित्रापुढं धरला.

"हितं थांबव."

त्यानं थांबवला. वेल्ह्याची एसटी यायला अजून वेळ होता. पोरगं फोटो धरून हसत होतं, आणि चंद्राबाई स्टुलावर बसून त्याच्याकडं बघत राहिली. बुद्धभूषणनं दोन चहा सांगितले.

रस्त्यानं जाणाऱ्या कोणीतरी दारातून आत डोकावून नेहमीसारखं विचारलं, "भूषणभाऊ, कसाय ह्यो पिक्चर?"

"अजून पुरा बगितला न्हाई," बुद्धभूषण म्हणाला.